इंटरनेट रेडिओ मध्येच का तुटतो? घरच्या नेटवर्क स्ट्रीमरवरील खंडाचे पायरीपायरीने निदान

घरच्या संगणकावर साठवलेली गाणी नेटवर्क स्ट्रीमरवर, म्हणजे नेटवर्कवरून येणारा आवाज वाजवणाऱ्या उपकरणावर, तासन्‌तास सुरळीत वाजतात, त्याच वाय-फायवर टीव्हीवरचा चित्रपट न अडखळता चालतो, स्पीड टेस्ट १०० एमबीपीएसचा आकडा दाखवते, आणि इंटरनेट रेडिओ लावला की तो मात्र अधूनमधून काही सेकंद गप्प होतो. अशा वेळी बहुतेक जण आधी जास्त वेगाचा प्लॅन घेतात, मग नवा राउटर आणतात आणि शेवटी स्ट्रीमरच सदोष आहे असे ठरवून मोकळे होतात. यांपैकी एखादा उपाय लागू पडतोही, पण तो नशिबाने. आवाज कधी तुटला, किती वेळ तुटला आणि परत आला तेव्हा कार्यक्रम नेमका कुठून सुरू झाला, या तीन गोष्टी नीट टिपल्या, तर दोष स्टेशनकडे आहे, सेवा पुरवठादाराच्या लाइनवर आहे, घरातल्या वाय-फायमध्ये आहे की स्ट्रीमरमध्ये, याचा अंदाज एकाही सेटिंगला हात न लावता बांधता येतो. म्हणून या लेखात आधी निरीक्षण आणि मग दुरुस्ती असा क्रम ठेवला आहे.

## वेग भरपूर असूनही रेडिओ का तुटतो

१२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ हजार बिट; आठ बिटांचा एक बाइट) दराचे स्टेशन दर सेकंदाला सुमारे १६ किलोबाइट डेटा पाठवते आणि ३२० केबीपीएसचे स्टेशन सुमारे ४० किलोबाइट. फ्लॅक स्वरूपात, म्हणजे दर्जा न घटवता प्रसारण करणाऱ्या स्टेशनांनाही साधारण १ एमबीपीएस, म्हणजे १००० केबीपीएस, पुरतो. १०० एमबीपीएसची लाइन ३२० केबीपीएस स्टेशनाच्या गरजेपेक्षा तीनशे पटींहून अधिक वेगवान असते. त्यामुळे वेग कमी पडण्याचा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न असतो तो सातत्याचा, आणि स्पीड टेस्ट काही सेकंदांची सरासरी दाखवत असल्यामुळे सातत्याबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

साठवलेले गाणे आणि चित्रपट यांच्या बाबतीत प्लेअर पुढचा भाग वाट्टेल तेवढा आधीच उतरवून ठेवू शकतो. जिवंत प्रसारणात तशी सोय नसते, कारण जे अजून प्रसारितच झालेले नाही ते आधी आणणार कुठून? आइसकास्ट किंवा शाउटकास्ट पद्धतीचा सर्व्हर (स्टेशनाचा आवाज श्रोत्यांना पाठवणारा संगणक) श्रोता जोडला गेल्याबरोबर अलीकडचा थोडा भाग एकदम देतो आणि त्यानंतर आवाज ज्या गतीने तयार होतो त्याच गतीने डेटा पाठवत राहतो. आइसकास्टमध्ये हा सुरुवातीचा साठा मुळात ६४ किलोबाइटचा ठरवलेला आहे. १२८ केबीपीएसच्या स्टेशनासाठी तो सुमारे ४ सेकंद पुरतो, पण ३२० केबीपीएसच्या स्टेशनासाठी जेमतेम दीड सेकंद. स्टेशनचालकाने तो मुद्दाम वाढवला नसेल, तर दर्जा जितका उंच तितकी हाताशी असलेली शिल्लक कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

स्ट्रीमरच्या बफरची, म्हणजे पुढचा आवाज साठवण्याच्या जागेची, क्षमता मोठी असली म्हणून ही अडचण दूर होत नाही. टाकी कितीही मोठी बसवली तरी नळाला येणारे पाणी आणि होणारा वापर सारखाच असेल तर ती कधीच भरत नाही, तसेच हे आहे. एमपीडी या प्लेअरमध्ये उलगडलेल्या आवाजासाठी मुळात ४ एमबी जागा असते आणि तीत सीडीच्या दर्जाचा सुमारे २४ सेकंदांचा आवाज मावतो. परंतु स्टेशनाने चारच सेकंदांचा साठा दिला असेल तर उरलेली जागा रिकामीच राहते.

एचएलएस पद्धतीने येणारी स्टेशने या बाबतीत अधिक सहनशील असतात. त्यांत आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक उतरवले जातात. ॲपलची शिफारस ६ सेकंदांच्या तुकड्यांची आहे, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएलएसच्या तांत्रिक दस्तऐवजानुसार प्लेअरने यादीच्या टोकापासून तीन तुकड्यांइतके तरी मागे राहून सुरुवात करावी, असे अपेक्षित आहे. म्हणजे साधारण १८ सेकंदांची शिल्लक सुरुवातीपासून मिळू शकते. एकच स्टेशन फोनवरच्या ॲपमध्ये कधीच तुटत नाही आणि स्ट्रीमरवर तुटते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की ॲप एचएलएस वापरते आणि स्ट्रीमर त्याच स्टेशनाचा जुन्या पद्धतीचा पत्ता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. डेटाचे पॅकेट (छोटा गठ्ठा) हरवले तर पाठवणारा सर्व्हर थोडा वेळ थांबून ते पुन्हा पाठवतो, आणि तेही पोहोचले नाही तर थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट करतो. पहिला पुनर्प्रयत्न १ सेकंदाने झाला असे धरले, तर पुढचे ३ आणि ७ सेकंदांच्या टप्प्यावर होतात. घरातले वाय-फाय ५ सेकंद गेले आणि लगेच परत आले, तरी सर्व्हरचा पुढचा प्रयत्न सातव्या सेकंदालाच होणार. त्यामुळे ऐकू येणारा खंड मूळ बिघाडापेक्षा मोठा असू शकतो, आणि आवाज तुटल्यावर धावत जाऊन राउटर पाहिला तर त्यावर सगळे दिवे व्यवस्थित लागलेले दिसतात.

## पहिली पायरी: खंडाचे स्वरूप टिपणे

काही दिवस वही किंवा फोनमधील टिपण जवळ ठेवावे आणि प्रत्येक खंडाची वेळ, स्टेशनाचे नाव, अंदाजे कालावधी आणि स्टेशन लावून किती वेळ झाला होता हे लिहावे. या काळात कोणतेही सेटिंग बदलू नये. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे बरेच तास तेच वाचवते.

सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण असते आवाज परत येतो त्या क्षणाचे. बातम्या किंवा गप्पांचे स्टेशन यासाठी गाण्यांपेक्षा सोयीचे, कारण वाक्य कुठे तुटले हे लगेच कळते. वाक्य जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू झाले, तर जोडणी टिकून होती आणि फक्त बफर रिकामा झाला होता. डेटा उशिरा आला, पण सगळा आला. मधला भाग गाळून कार्यक्रम पुढून सुरू झाला, तर जोडणी पूर्ण तुटली होती आणि स्ट्रीमरने ती नव्याने जोडली. काही सेकंदांचा आधी ऐकलेला भाग पुन्हा ऐकू आला, तरीही जोडणी नव्यानेच झाली, फक्त ती इतक्या लवकर झाली की सर्व्हरने दिलेल्या सुरुवातीच्या साठ्यात जुना भाग पुन्हा आला. स्टेशन कायमचे थांबले आणि हाताने पुन्हा लावावे लागले, तर जोडणी तुटली आणि ती आपणहून जोडण्याची सोय स्ट्रीमरमध्ये नाही किंवा ती अपयशी ठरली.

सेकंदाच्या अंशाइतकी टिकटिक, चरचर किंवा क्षणिक उडी यांचा मात्र इंटरनेटशी बहुधा संबंध नसतो. त्यासाठी स्ट्रीमर आणि डॅक (डिजिटल आवाजाचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) यांच्यामधली केबल, बिनतारी स्पीकरची जोडणी किंवा प्रोसेसरवरचा ताण तपासावा.

जोडणी टिकून राहणाऱ्या खंडाचा एक गमतीदार परिणाम असा की, एकदा आवाज तुटला की त्यानंतर रेडिओ अधिक स्थिर होतो. थांबलेल्या काळातला डेटा सर्व्हरकडे रांगेत असतो, तो नंतर भराभर येतो आणि स्ट्रीमरकडची शिल्लक तेवढ्या सेकंदांनी वाढते. स्टेशन लावल्यावर पहिल्या काही मिनिटांतच खंड पडतात आणि पुढे दिवसभर सुरळीत चालते, अशी नोंद दिसली तर हेच घडत असते. यावरून एक तात्पुरती युक्तीही सुचते: ज्या स्ट्रीमरमध्ये पॉज केल्यावर डेटा उतरणे चालू राहते, त्यावर स्टेशन लावून दहाएक सेकंद पॉज करावे आणि मग चालू करावे. काही स्ट्रीमर पॉज करताच जोडणी बंद करतात; त्यांवर हा उपाय चालत नाही.

## दुसरी पायरी: वेळेचा नमुना वाचणे

टिपणात पुरेशा नोंदी झाल्या की त्या घड्याळाशी ताडून पाहाव्यात.

बरोबर एकेका तासाच्या अंतराने खंड पडत असतील तर पहिला संशय वाय-फायच्या सामाईक किल्लीवर घ्यावा. सुरक्षित वाय-फायमध्ये सर्व उपकरणांना मिळून असलेली एक किल्ली राउटर ठरावीक काळाने बदलतो, आणि बऱ्याच राउटरमध्ये हा काळ ३६०० सेकंदांचा असतो. नवी उपकरणे हा बदल सहज पचवतात, परंतु जुने स्ट्रीमर कधीकधी त्याच क्षणी जोडणी सोडतात. राउटरच्या वाय-फाय सुरक्षा विभागात हा कालावधी वाढवता आला तर तो वाढवून पाहावा. खंडांचे अंतरही त्याच प्रमाणात वाढले, तर निदान पक्के झाले.

बारा तास किंवा तत्सम अंतर असेल तर डीएचसीपीकडे, म्हणजे राउटरने उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटून देण्याच्या पद्धतीकडे, पाहावे. राउटरने दिलेल्या पत्त्याची मुदत अर्धी संपल्यावर उपकरण ती वाढवून मागते, म्हणजे २४ तासांच्या मुदतीत ही मागणी बाराव्या तासाला होते. ही प्रक्रिया आवाजाला धक्का न लावता व्हायला हवी. तशी होत नसेल तर राउटरमध्ये त्या स्ट्रीमरसाठी पत्ता राखून ठेवावा, मुदत वाढवता येत असेल तर वाढवावी आणि तरीही भागले नाही तर स्ट्रीमरमध्येच स्थिर पत्ता भरावा. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, घरातली सर्वच उपकरणे क्षणभर तुटत असतील, तर सेवा पुरवठादार रोज जोडणी नव्याने करत असावा किंवा राउटर आपणहून पुन्हा चालू होण्याची वेळ कोणी तरी नेमून ठेवली असावी. राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, याची वेळ सापडते.

स्टेशन लावल्यापासून मोजलेला ठरावीक वेळ झाला की ते थांबते, मग घड्याळात काहीही वाजलेले असो, अशी नोंद निघाली तर दोष घरात शोधू नये. अनेक स्टेशनांचे पत्ते काही काळापुरत्या परवान्याने दिले जातात आणि मुदत संपली की सर्व्हर जोडणी बंद करतो.

दिवसरात्र एकच स्टेशन चालू ठेवणाऱ्यांना एक दुर्मीळ प्रकार भेटतो. स्टेशनाकडचे आवाजाचे घड्याळ आणि स्ट्रीमरमधले घड्याळ तंतोतंत सारखे नसतात. स्ट्रीमरचे घड्याळ दहा लाखांत ५० भागांनी जलद असेल, तर तो दर तासाला ०.१८ सेकंद आवाज जास्त खर्च करतो आणि ४ सेकंदांची शिल्लक सुमारे २२ तासांत संपते. नेटवर्क निर्दोष असूनही मग एक छोटा खंड पडतो. यावर उपाय करण्याची गरज नाही. दिवसातून एकदा स्टेशन पुन्हा लावले की झाले.

संध्याकाळी आणि रात्री वाढणारे खंड आजूबाजूच्या वाय-फायची गर्दी किंवा पुरवठादाराच्या लाइनवरचा भार दाखवतात. या दोहोंतला फरक पुढच्या पायऱ्यांमध्ये कळतो.

## तिसरी पायरी: स्टेशन दोषी आहे का

याची तपासणी स्वस्त आणि झटपट होते, म्हणून ती आधी उरकावी. वेगवेगळ्या प्रसारकांची तीन-चार स्टेशने आलटून पालटून ऐकावीत. एकच स्टेशन तुटत असेल तर तेच स्टेशन केबलने जोडलेल्या संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये एकाच वेळी चालू ठेवावे. मात्र संकेतस्थळावरच्या प्लेअरवर विसंबू नये, स्ट्रीमर जो पत्ता वापरतो तोच पत्ता व्हीएलसीला द्यावा. पत्त्याच्या शेवटी एम३यू किंवा पीएलएस असे असेल तर ती फक्त यादीची फाइल असते. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की प्रसारणाचा खरा पत्ता आत दिसतो. व्हीएलसीच्या टूल्स मेनूतील मीडिया इन्फर्मेशन या खिडकीत आकडेवारीचे पान आहे, तिथे डेटा येत आहे की थांबला आहे हे प्रत्यक्ष पाहता येते. व्हीएलसीचा नेटवर्क साठा मुळात १००० मिलिसेकंदांचाच असतो, त्यामुळे तो या परीक्षेत स्ट्रीमरपेक्षा फारसा उदार नसतो, आणि हेच आपल्याला हवे असते.

दोन्हीकडे एकाच क्षणी आवाज गेला तर दोष स्टेशनाचा किंवा लाइनचा. फोनवर मोबाइल डेटा वापरून तेच स्टेशन तिसऱ्या बाजूने ऐकले की त्यातलाही निवाडा होतो. जाहिरात सुरू होताना किंवा संपताना नेमका खंड पडत असेल, तर जाहिरातीचा आवाज वेगळ्या नमुनादराने (सेकंदाला घेतलेल्या आवाजाच्या नमुन्यांच्या संख्येने) किंवा वेगळ्या सर्व्हरवरून येत असण्याची शक्यता मोठी असते. अशा स्टेशनाचा दुसरा पत्ता शोधावा. अनेक स्टेशने एकाच वेळी दोन-तीन दरांनी प्रसारण करतात, आणि स्ट्रीमर एचएलएस वाजवू शकत असेल तर तो पत्ता आधी वापरून पाहावा. ३२० ऐवजी १२८ केबीपीएसचे एएसी (आवाज कमी जागेत बसवण्याची एक पद्धत) प्रसारण घेतले तर ऐकण्यातला फरक बहुतेकांना जाणवतही नाही, आणि शिल्लक दीड सेकंदावरून चारवर जाते.

दूरच्या देशांतील स्टेशने तुटतात आणि जवळची तुटत नाहीत, असेही होते. जुने स्ट्रीमर एका दमात थोडाच डेटा स्वीकारून पोच देतात. ही मर्यादा १६ किलोबाइट असेल आणि सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला ३२ किलोबाइटपेक्षा जास्त डेटा येऊच शकत नाही, आणि ३२० केबीपीएसच्या स्टेशनाला ४० लागतात. इथे लाइन कितीही वेगवान असली तरी कमी दराचे प्रसारण निवडण्यावाचून इलाज नसतो.

## चौथी पायरी: केबलची परीक्षा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ती ही करावी. स्ट्रीमर मुख्य राउटरजवळ नेऊन, किंवा एक लांब इथरनेट केबल जमिनीवरून तात्पुरती ओढून, तो थेट राउटरला जोडावा आणि स्ट्रीमरच्या सेटिंगमधले वाय-फाय बंद करावे, कारण काही उपकरणे केबल लावल्यावरही वाय-फाय चालूच ठेवतात. एरवी जितक्या वेळात दोन-तीन खंड पडतात, निदान तितका वेळ तेच स्टेशन ऐकावे. खंड गेले तर कारण वाय-फायमध्ये आहे. राहिले तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये डोके घालण्यात अर्थ नाही आणि थेट सहाव्या पायरीकडे जावे.

विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर या परीक्षेत केबल म्हणून धरू नयेत. घरातले चार्जर आणि मोटारीची उपकरणे चालू-बंद झाली की त्यांची जोडणी हेलकावे खाते. केबल कायमची लावलेली असूनही खंड पडत असतील, तर केबल बदलून पाहावी, राउटरचे दुसरे पोर्ट वापरावे आणि मधल्या स्विचमध्ये वीज बचतीची इथरनेट सोय असेल तर ती बंद करून पाहावी.

## पाचवी पायरी: वाय-फाय

स्ट्रीमर ज्या जागी ठेवलेला असतो ती जागा वाय-फायसाठी बहुधा वाईटच असते: टीव्हीच्या मागे, ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला चिकटून, बंद कपाटात. स्ट्रीमर किंवा राउटर सिग्नलची तीव्रता डेसिबल-मिलिवॉटमध्ये दाखवत असेल तर ती उणे ६७ किंवा त्याहून बरी, म्हणजे शून्याच्या अधिक जवळ असावी. उणे ७५ च्या खाली गेल्यास रेडिओकडून स्थिरतेची अपेक्षा धरू नये. अँटेना धातूपासून हातभर दूर आली तरी आकडा लक्षणीय सुधारतो. म्हणून पट्टे आणि चॅनेल यांच्या फंदात पडण्याआधी उपकरण हलवून पाहावे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा निवडून तो पक्का करावा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि राउटरची आपोआप चॅनेल बदलण्याची सोय बंद करावी, कारण प्रत्येक बदलाच्या वेळी सर्व उपकरणांना क्षणभर सुटावे लागते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. जेवणाच्या वेळी खंड पडत असतील तर त्याच्याकडे पाहावे. यूएसबी ३ ची जोडणीही याच पट्ट्यात गोंगाट निर्माण करते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक निबंधच प्रसिद्ध केला होता. स्ट्रीमरला किंवा राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चिकटून ठेवलेली असेल तर ती काढून एक दिवस पाहावे.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण त्याचीही एक खोच आहे. त्यातील ५२ ते १४४ या चॅनेलवर रडारला अग्रहक्क असतो. राउटरला रडारसारखा सिग्नल जाणवला की त्याने १० सेकंदांच्या आत तो चॅनेल सोडायचा असतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचे झाल्यास प्रसारण सुरू करण्यापूर्वी निदान ६० सेकंद नुसते ऐकायचे असते. त्यामुळे खंड साधारण मिनिटभराचा असेल, त्याच वेळी फोन आणि लॅपटॉपचेही ५ गिगाहर्ट्झ जात असेल आणि २.४ वरची उपकरणे मात्र चालू राहत असतील, तर हे कारण जवळजवळ नक्की समजावे. ३६ ते ४८ यांपैकी चॅनेल हाताने निवडला की प्रश्न मिटतो.

मेश पद्धतीच्या वाय-फायने, म्हणजे अनेक केंद्रे मिळून एकच नेटवर्क करणाऱ्या वाय-फायने, मोठ्या घरांची सोय केली, पण एका जागी बसून राहणाऱ्या स्ट्रीमरला ती नेहमीच मानवत नाही. राउटर चांगल्या सिग्नलच्या नावाखाली त्याला एका केंद्रावरून दुसऱ्यावर किंवा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर ढकलत राहतो, आणि प्रत्येक ढकलण्यात दीड सेकंदाची शिल्लक सहज संपते. शक्य असेल तर स्ट्रीमरला एका केंद्राशी बांधून ठेवावे. ती सोय नसेल तर २.४ गिगाहर्ट्झचे वेगळ्या नावाचे नेटवर्क काढून स्ट्रीमर त्यावर ठेवावा. रेडिओसाठी त्याचा वेग पुरून उरतो. याहून चांगला मार्ग म्हणजे जवळच्या मेश केंद्राच्या इथरनेट पोर्टमधून स्ट्रीमरला केबल देणे, कारण स्ट्रीमरचा लहानसा अँटेना त्यामुळे खेळातूनच बाद होतो.

अनेक स्पीकर एका गटात जोडून ऐकत असल्यास, इंटरनेटवरून आलेला आवाज गटप्रमुख उपकरण पुन्हा वाय-फायवरूनच बाकीच्यांना पाठवते. म्हणून गट मोडून एकट्या उपकरणावर तेच स्टेशन ऐकल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

## सहावी पायरी: लाइन आणि राउटर

केबलने जोडलेल्या संगणकावर दोन खिडक्या उघडून दोन पिंग (समोरचे उपकरण उत्तर देते का हे विचारत राहणाऱ्या चौकशा) एकाच वेळी चालू ठेवावेत: एक राउटरच्या पत्त्यावर आणि दुसरा १.१.१.१ किंवा ८.८.८.८ अशा सदैव चालू असणाऱ्या सार्वजनिक पत्त्यावर. विंडोजमध्ये पत्त्यापुढे हायफन आणि टी हे अक्षर जोडले की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतो. मॅक आणि लिनक्सवर तो तसाही चालूच राहतो. रेडिओ तुटला की दोन्ही खिडक्या पाहाव्यात. राउटरची उत्तरे नियमित येत आहेत आणि बाहेरची थांबली आहेत, तर बिघाड लाइनवर आहे. दोन्ही थांबली असतील तर राउटर, केबल किंवा स्विच यांत आहे. दोन्ही नियमित असूनही आवाज गेला, तर स्टेशन आणि स्ट्रीमर एवढेच संशयित उरतात.

वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या ट्रेसराउटच्या निकालात मधल्याच एखाद्या टप्प्यावर उत्तरे हरवलेली दिसली, तर घाबरू नये. पुष्कळ मोठे राउटर अशा चौकशांना मुद्दाम कमी महत्त्व देतात. तो तोटा तिथपासून शेवटच्या टप्प्यापर्यंत सलग दिसत असेल तरच त्याला अर्थ आहे.

लाइन तुटत नाही, पण बाहेरच्या पिंगचा काळ एरवीच्या १५-२० मिलिसेकंदांवरून अचानक शेकड्यांत जातो, असे दिसले तर घरातले कोणी तरी लाइन भरून टाकत आहे. अपलोडचा वेग बहुतेक प्लॅनमध्ये कमी असतो, आणि फोनमधली छायाचित्रे व व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले की स्ट्रीमरने सर्व्हरला द्यायच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात. पिंग चालू ठेवून मुद्दाम एखादी मोठी फाइल चढवली की ही शंका पाच मिनिटांत फिटते. साधा उपाय म्हणजे बॅकअपची वेळ रात्रीची ठेवणे. पक्का उपाय म्हणजे राउटरमधील रांगेचे व्यवस्थापन: ओपनडब्ल्यूआरटी ही पर्यायी प्रणाली चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम या नावाने ते मिळते, त्यात केक ही पद्धत निवडावी आणि वेगाची मर्यादा लाइनच्या प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी. थोडा वेग सोडून दिल्यासारखे वाटते खरे, पण लाइन भरलेली असतानाही रेडिओला त्याची झळ लागत नाही.

पुरवठादाराकडे तक्रार करताना ‘रेडिओ तुटतो’ एवढेच सांगितले, तर पलीकडून स्पीड टेस्ट करायला सांगतात आणि आकडा चांगला आला की तक्रार बंद होते. त्याऐवजी केबलने जोडलेल्या संगणकावरून घेतलेली पिंगची नोंद द्यावी: अमुक तारखेला अमुक वेळी राउटर उत्तर देत होता आणि बाहेरचा पत्ता इतके सेकंद बंद होता. अशा पाच-सहा नोंदी असल्या की तक्रार वरच्या पातळीवर जाण्याची शक्यता वाढते.

## सातवी पायरी: स्ट्रीमर

इथपर्यंत सगळे निर्दोष निघाले तरच स्ट्रीमरकडे वळावे. फर्मवेअर (उपकरणातले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे. स्टेशन सुरू करण्यापूर्वी किती साठा जमवायचा याचे सेटिंग असेल तर ते वाढवावे. लिरियन म्युझिक सर्व्हरमध्ये, म्हणजे घरच्या संगणकावरून स्ट्रीमरला संगीत पुरवणाऱ्या, पूर्वी लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रेडिओसाठी असा सेकंदांचा आकडा भरता येतो. स्टेशन सुरू व्हायला थोडा उशीर होतो, एवढीच त्याची किंमत. त्याच सर्व्हरमध्ये प्रसारण आधी सर्व्हरने घ्यायचे आणि मग स्ट्रीमरला द्यायचे, असाही पर्याय आहे. जुन्या स्ट्रीमरची कमी डेटा स्वीकारण्याची मर्यादा आणि दूरचे सर्व्हर यांची गाठ पडत नसेल तर तो फार उपयोगी ठरतो, कारण दूरची जोडणी मग सक्षम संगणक सांभाळतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्ट्रीमर चालवणाऱ्यांनी वीजपुरवठा आधी तपासावा. कमी पडणाऱ्या चार्जरमुळे व्होल्टेज घसरते आणि त्याची लक्षणे हुबेहूब नेटवर्कच्या बिघाडासारखी दिसतात. सिस्टमच्या नोंदीत कमी व्होल्टेजचा इशारा सापडला तर दुसरे काही पाहण्याआधी तो अडॅप्टर बदलावा. आवाजाचा नमुनादर वाढवण्याची किंवा इक्वलायझरची प्रक्रिया चालू असेल तर तीही परीक्षेपुरती बंद ठेवावी.

डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा, बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याचा उपयोग मर्यादित आहे. स्टेशनाचा पत्ता सुरुवातीला एकदाच विचारला जातो, त्यामुळे डीएनएस संथ असेल तर स्टेशन उशिरा लागेल, मध्येच तुटणार नाही. एचएलएसचे तुकडे वारंवार मागवले जातात, तिथे आणि तुटलेली जोडणी नव्याने जोडताना मात्र त्याचा संबंध येऊ शकतो. मूळ स्थितीत आणण्याचा, म्हणजे फॅक्टरी रीसेटचा उपाय सर्वांत शेवटी करावा, कारण त्यात दोष गेला तरी तो कशामुळे होता हे कळत नाही आणि जतन केलेली स्टेशने पुसली जातात ती वेगळीच.

कोणताही बदल केल्यावर पुढचा बदल करण्यापूर्वी, टिपणानुसार एरवी जेवढ्या काळात दोन-तीन खंड पडले असते तेवढा काळ थांबावे. दिवसातून एकदाच तुटणाऱ्या रेडिओसाठी ही वाट तीन दिवसांची असते. दोष स्टेशनाचाच असल्याचे सिद्ध झाले तर प्रसारकाला प्रसारणाचा नेमका पत्ता, दर, स्वरूप आणि खंडांच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत कळवाव्यात, म्हणजे त्यांच्या तंत्रज्ञाला त्या वेळा सर्व्हरच्या नोंदवहीत थेट शोधता येतात.